दोन्ही विधानं खरी

मृणालीची लॉची प्रवेश परीक्षा दोनदा हुकली होती, आणि दोन्ही वेळा अभ्यासाचा त्यात काही संबंध नव्हता.

पहिल्या वर्षी आदल्या दिवशी तिचं मूळ आधार कार्ड सापडेना. नुसत्या झेरॉक्सवर सेंटरला आत घेत नाहीत. मोबाईलवरून नवीन काढायचं तर जोडलेला नंबर बापाचा, आणि बापाचा फोन त्याच दिवशी सकाळी रंगाच्या बादलीत पडलेला. कपाटं, गाद्या, देवघर, सगळं उलथंपालथं करून झालं. तीन आठवड्यांनी ते कार्ड बापाच्या जुन्या रेनकोटच्या खिशात निघालं.

दुसऱ्या वर्षी बाप स्वतः तिला मोटारसायकलवरून घेऊन निघाला. पहाटेचे निघालेले, सेंटर नव्या मुंबईत, हातात दोन तास जास्तीचे. पण घरापासून पाच-सहा किलोमीटरवर हायवेला गाडी बंद पडली. मृणाली म्हणत होती की ती एसटीने पुढे जाते. तो म्हणत होता, होईल आता, दोन मिनिटं थांब. त्या दोन मिनिटांचे सव्वादोन तास झाले. मग कुणीतरी मेकॅनिकला फोन लावला, तो आला, गाडी चालू झाली, आणि ते पोचले तेव्हा गेट बंद होऊन बारा मिनिटं झाली होती. तिचा बाप तरुण वॉचमनच्या पाया पडला. चारचौघांत, रस्त्यावर, पांढरे झालेले केस त्या पोराच्या बुटांना लागेपर्यंत वाकला. "पोरीचं वर्ष गेलं हो," म्हणत रडला. ते रडणं खोटं नव्हतं. मृणालीने बापाला तोवर कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि परतीच्या वाटेवर तीच त्याची समजूत घालत राहिली.

काळुराम म्हणजे हमरापुरातलं मोठं नाव. गणपतीचे कारखाने तिथे घरटी आहेत, पण आखणी करावी तर काळुरामने, असं पेणपर्यंत बोललं जायचं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. माती, साचा, रंग, दागिने, हे सगळं चार माणसं करू शकतात. डोळे एकाच हाताचे लागतात. काळुरामचा गणपती आपल्याकडे बघतो, खोलीत कुठेही उभे राहा, तो बघतो, असं गिऱ्हाईक म्हणायचं. परदेशी जाणाऱ्या मूर्ती व्यापारी बाबाजीशेठ त्याच्याकडूनच घ्यायचा. त्या जहाजाने जातात, म्हणून एप्रिल-मेमध्येच कंटेनर भरावा लागतो. लॉची परीक्षाही त्याच सुमाराला असते.

चार वर्षांपूर्वी काळुरामचा उजवा हात कापायला लागला. पेणच्या डॉक्टरने नसांचं दुखणं सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे वाढत जाणार असंही सांगितलं. मृणाली तेव्हा सोळा वर्षांची. लहानपणापासून ती बापाच्या मांडीला मांडी लावून बसलेली, फुटक्या मूर्तींवर गिरवलेली. एका दुपारी कारागीर जेवायला गेलेले असताना त्याने ब्रश तिच्या हातात दिला. तिने डोळे काढले. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, कुणाला बोलायचं नाय.

तेव्हापासून माळ्यावर पडदा आला. आखणी ही एकांतातली गोष्ट आहे, चारचौघांत केली की मूर्तीत जीव उतरत नाही, असं काळुराम लोकांना सांगू लागला. लोकांना ते फार आवडलं. दुपारी एक ते तीन पडद्याआड बाप-लेक बसायचे. तो वाटीत काळा रंग कालवायचा, ती काढायची. घरात हे चौघांनाच माहीत होतं: ती दोघं, आई हौसा आणि मोठा भाऊ अक्षय.

आणि हाच काळुराम गावभर सांगायचा की माझी पोरगी वकील होणार. पेणला शनिवार-रविवारचा क्लास त्यानेच शोधून काढला. जाताना डबा तो भरून द्यायचा.

क्लास एसटी स्टँडजवळ एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर होता. नमिता मॅडम कोर्टात वकिली करायच्या आणि उरलेल्या दोन दिवसांत चौदा मुलांना शिकवायच्या. मृणालीची बाकीची तयारी पक्की होती, पण विरोधाभासाचे प्रश्न तिला येत नसत. या प्रश्नात दोन विधानं दिलेली असतात. दोन्ही खरी असतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत. चार पर्यायांतून असा एक निवडायचा की ज्यामुळे दोन्ही एकाच वेळी खरी ठरतील.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं होतं: एका तालुक्यात डास मारायची फवारणी दुप्पट केली, तरी सरकारी नोंदीत हिवतापाचे रुग्ण वाढले. मृणालीने फवारणी नीट झाली नसणार हा पर्याय निवडला.

"तू साक्षीदाराला खोटं पाडतेस," मॅडम म्हणाल्या. "दर वेळेला तेच. तुझ्या घरी कुणी खोटं बोलतं का गं? इथे दोघंही साक्षीदार खरं बोलतात. फवारणी नीटच झालीय. आधी लोक खाजगी दवाखान्यात जायचे, त्यांची नोंदच व्हायची नाही. आता सरकारी दवाखाना उघडला. तिसरी गोष्ट शोध. भांडत बसू नकोस."

मुलं हसली. मृणालीच्या शेजारी नफिसा बसायची, रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीत राहणारी. ती हसली नाही, पण तिने तो प्रश्न बरोबर सोडवला होता आणि वही झाकली नव्हती.

मार्चच्या शेवटी मॅडमनी सगळ्यांना आपापल्या घरातला एकेक विरोधाभास लिहून आणायला सांगितला. मृणालीने खूप विचार केला. शेवटी जे डोक्यात होतं तेच लिहिलं: एका बापाला मनापासून वाटतं की मुलीने परीक्षा द्यावी. त्याच्याच हातून मुलीची परीक्षा दोनदा हुकली.

मॅडमनी तो कागद मोठ्याने वाचला. नाव घेतलं नाही, पण दोनदा कोणाची हुकली हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी चार पर्याय फळ्यावर लिहिले आणि हात वर करायला सांगितले. बाप खोटं बोलतो, याला दोन हात. निव्वळ योगायोग, याला तीन. कुणीतरी करणी केली, याला कुणीच नाही. मुलीलाच मनातून परीक्षा नको आहे आणि ती बापाला ते करू देते, याला आठ हात वर झाले. त्यात नफिसाचा हात होता.

मृणाली खाली बघत राहिली.

"आठही जण चूक," मॅडम म्हणाल्या. "आणि बाकीचेही. प्रश्नच अर्धा आहे. लिहिणाऱ्याने एक विधान दाबून ठेवलंय." मग त्या मृणालीकडे न बघता, फळा पुसत म्हणाल्या, "बाप खोटा नाही. मुलगीही खोटी नाही. मग एवढंच विचारा, की ही मुलगी गेली तर त्या घरातून काय जातं."

प्रश्न सुटायला मृणालीला एक क्षणही लागला नाही. पुढचा तास मॅडम काय शिकवत होत्या ते तिला ऐकू आलं नाही.

स्टँडवर नफिसा तिच्या मागे आली. तिला वाईट वाटत होतं. म्हणाली, मला तोच पर्याय बसतोय असं वाटलं गं, तुझ्यावर नव्हतं ते. मृणालीने तिला सगळं सांगून टाकलं, माळा, पडदा, दुपारच्या वाट्या. चार वर्षांत पहिल्यांदा ती हे बाहेरच्या माणसाजवळ बोलत होती. नफिसाने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की गाडी बंद का पडली ते त्या मेकॅनिकला कधी विचारलंस का.

मेकॅनिक मोरू हायवेवरच टपरी टाकून होता. मृणाली त्याच्याकडे गेली तेव्हा त्याने आधी टाळलं. मग म्हणाला, "गाडीला काय नव्हतं. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद होता. मी उघडला, गाडी चालू. तुझा बाप बोलला, पोरीला सांगू नको, वीस वर्षं गाडी चालवतो आनि ह्ये कळलं नाय म्हणून लाज वाटते." तो हात पुसत राहिला. "मला तवाच कायतरी वाटलं होतं. पन बापच होता ना तुझा."

चालत्या गाडीवर कॉक डाव्या हाताने बंद करता येतो. बापाचा डावा हात कापत नव्हता.

मृणाली घरी गेली. जेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीसारखी पडद्याआड बसली आणि सहा मूर्तींचे डोळे काढले. बापाने रंग कालवला. परीक्षेला अठरा दिवस होते. तो म्हणाला, या वेळेला आपण आदल्या दिवशीच जाऊन लॉजवर राहू, मी येतो संगट. ती बरं म्हणाली.

त्याच आठवड्यात बाबाजीशेठचा फोन आला. परदेशातल्या गिऱ्हाइकाची माणसं मूर्ती बघायला येणार होती, आणि त्यांना काळुराम आखणी करतानाचा व्हिडिओ हवा होता. काळुराम नेहमीप्रमाणे नाही म्हणाला असता. पण फोन मृणालीने उचलला होता. ती म्हणाली, या ना, बाबा खालीच बसून करतील. घरात तिने कुणाला काही सांगितलं नाही.

ती माणसं सकाळी अकराला आली. बाबाजीशेठ, त्याच्याबरोबर तिघं, एकाच्या हातात स्टँडवर लावलेला मोबाईल. सात-आठ कारागीर हातातली कामं ठेवून जमले. शेजारच्या कारखान्यातलेही दोघं-तिघं आले. काळुराम हसत हसत सांगू लागला की आखणी अशी होत नाही, ती एकांतात. मृणालीने माळ्यावरून पाट आणला, वाटी आणली, रंग कालवला, दोन फुटांची मूर्ती उजेडात ठेवली. मग ब्रश त्याच्यापुढे धरला.

"काढा ना, बाबा," ती म्हणाली. "सगळे तुमच्यासाठी आलेत."

काळुरामने तिच्याकडे बघितलं. त्याला त्या क्षणी सगळं कळलं असावं, कारण त्याने काहीच विचारलं नाही. हौसा आतून दारात आली. ती हलकेच म्हणाली, "मृणा, नको गो." मृणालीने हात मागे घेतला नाही.

तो पाटावर बसला. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. श्वास कोंडून त्याने वरची पापणी ओढली, आणि ती बरीचशी नीट आली. कुणीतरी वाहवा म्हणालं. त्या शब्दाने की कशाने, त्याचं मनगट सुटलं. ब्रश उडाला आणि सोंडेपासून गालापर्यंत काळी रेघ गेली. ती पुसायला त्याने बोट लावलं, तर बोटही थरथरत होतं आणि सगळा गाल काळा झाला. मोबाईलवाल्याने मोबाईल बंद केला नाही.

मृणाली इथेच थांबली असती तरी पुष्कळ झालं असतं. तिने बापाच्या बोटांतून ब्रश काढून घेतला. ओल्या फडक्याने मूर्तीचा गाल पुसला, वर रंगाचा हात मारला, आणि तो सुकेपर्यंत सगळ्यांसमोर शांत बसून राहिली. बाप शेजारी तसाच पाटावर. मग ती पुढे सरकली आणि तिने दोन्ही डोळे काढले. तिला चार मिनिटंही लागली नाहीत. मूर्ती बघायला लागली.

"चार वर्षं मीच काढतेय," ती बाबाजीशेठला म्हणाली.

काळुरामने मान वर केली नाही. त्याच्या धोतरावर काळे थेंब पडले होते, आणि तो ते नखाने खरवडत होता.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेणात फिरला. मृणालीला वाटलं होतं की बापाचं नाव गेल्यावर आता कुणी या घरी आखणीला येणार नाही आणि ती सुटेल. झालं उलटंच. दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. लोकांना मुलीच्या हातचे डोळे हवे होते. बाबाजीशेठ स्वतः आला आणि पुढच्या तीन वर्षांचं बोलू लागला. लॉ काय, नंतरही करता येतं म्हणाला. कारागीर तिच्याशी आदराने बोलायला लागले आणि काळुरामशी बोलेनासे झाले. तो बाहेर आला की ते उगाच कामात डोकं घालायचे. हौसा तिला म्हणाली, "त्याचा हात तोडला असतास तरी बरं होतं." त्यानंतर हौसाने तिचं ताट वाढणं आणि तिच्याशी बोलणं बंद केलं.

चौथ्या दिवशी काळुराम माळ्यावर आला. पडदा काढून टाकला होता, त्यामुळे जागा मोठी वाटत होती.

"मला एकट्याला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"खरं सांगितलं असतंत?"

"नाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू वकील व्हावीस असं मला खरंच वाटतं गो. रातदिस वाटतं. आनि तू ब्रश धरलास का वाटतं, अजून एक वरीस. येवढंच एक."

"मला माहीत आहे," मृणाली म्हणाली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

तिने सांगितलं की कंटेनरच्या उरलेल्या सगळ्या मूर्ती ती पुऱ्या करून देईल, आणि मग परीक्षेपर्यंत अष्टमीला नफिसाच्या घरी राहील. तिला सोडायला किंवा आणायला कुणी यायचं नाही. निकालात नाव आलं तर ती जाणार. तिने अजून एक अट घातली. माल न्यायला कुणी आलं की डोळे कुणी काढले ते बापाने स्वतः सांगायचं. काळुराम कबूल झाला. नऊ दिवस तो प्रत्येकाला सांगत राहिला, पोरीने काढले. एकदा टेम्पोवाल्याला ते ऐकू गेलं नाही, तेव्हा मृणालीने वरून सांगितलं, बाबा, मोठ्याने सांगा.

अष्टमीला नफिसाच्या आईने, सुरैय्याने, तिला खोली दिली. सुरैय्या फार बोलत नसे. नवरा दुबईला, घरात दोन मुली आणि म्हातारी सासू, एवढं सगळं ती एकटी बघायची. पहिल्या दिवशी जेवताना ती म्हणाली, तुझा व्हिडिओ बघितला. मग भाकरी पुढे सरकवली. नफिसाने नंतर सांगितलं की तिची आई तो बघताना मध्येच उठून गेली होती.

परीक्षेला दोघी एकत्र गेल्या, रोह्याहून पहिल्या एसटीने. पेपरात विरोधाभासाचे पाच प्रश्न होते. मृणालीने पाचही सोडवले. तिला पर्याय वाचायचीही फारशी गरज पडली नाही. दोन विधानं वाचली की मधली गोष्ट दिसायची. शेवटच्या प्रश्नापाशी तिने डोळे वर करून घड्याळाकडे बघितलं, तर सतरा मिनिटं हातात उरली होती.

इकडे घरी काळुराम गप्प बसला नव्हता. त्याने घाईघाईने अक्षयचं लग्न ठरवलं. मुलगी रोह्याजवळच्या खांब गावची, नाव वैशाली. ती चित्रकला शिक्षकाची पदविका करत होती, दुसरं वर्ष. चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षांत तिला वरची श्रेणी होती आणि बघायला गेले तेव्हा काळुरामने तिच्या वह्या अर्धा तास चाळल्या होत्या. घरात आनंद होता. हौसा पुन्हा मृणालीशी बोलायला लागली, साड्यांबद्दल.

मेच्या मध्यावर रोह्याच्या बाजारात बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं जमली. मृणालीही गेली. दुकानात बायका साड्या उलगडत होत्या. काळुराम बाहेर खुर्चीवर बसून वैशालीच्या वडिलांशी बोलत होता, उजवा हात खिशात घालून. वैशालीने मृणालीला कोपऱ्यात घेतलं. चुणचुणीत मुलगी होती, बोलताना हात हलवायची.

"ताई, एक विचारू का? माझं एक वर्ष राहिलंय. तुमच्या घरचे पूर्ण करू देतील ना? तुम्हीच खरं सांगाल."

व्हिडिओ तिने बघितला होता का, ते मृणालीला कळेना. बघितलाही असेल. त्यात चांगली आखणी करणारी एक मुलगी दिसत होती, आणि हात कापणारा एक बाप. बाकी काही त्यात नव्हतं.

मृणालीने काचेतून बाहेर बघितलं. पुढच्या वर्षीचा कंटेनर तिच्या डोळ्यांपुढे आला. सव्वाशे मूर्ती, डोळ्यांवाचून. कुणीतरी ते काढल्याशिवाय तिला कुणी सोडणार नव्हतं. बाबाजीशेठ नाही, आई नाही, बाप तर नाहीच.

"बाबांचा शिक्षणाला अजिबात विरोध नाही," ती म्हणाली. "माझ्या क्लासचा डबा ते स्वतः भरायचे."

वैशालीचा चेहरा खुलला. तिने मृणालीचा हात दाबला आणि ती साड्यांकडे परत गेली. तिने मोरपंखी रंगाची निवडली.

मेच्या अखेरीला लग्न झालं, आणि निकाल जूनमध्ये लागला. मृणालीला मुंबईला प्रवेश मिळाला, नफिसाला दुसऱ्या फेरीत अलिबागला. मृणाली निघाली त्या दिवशी काळुरामने हमरापुरात पेढे वाटले, कापणाऱ्या हाताने, एकेकाच्या तळहातावर ठेवत. वैशाली निरोप द्यायला दारापर्यंत आली नाही. दुपारचा एक वाजला होता आणि सासऱ्याने तिला माळ्यावर बोलावलं होतं.